अल्बर्टा हंटर : वीस वर्षं वॉर्डात, आणि मग पुन्हा माइकसमोर

सुरपेटी

१९७७ साली न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलमधून एक नर्स निवृत्त झाल्या. कागदावर वय सत्तर होतं, तेव्हा नियमाप्रमाणे घरी जाणं भाग होतं. बाईंना काम सोडायचं नव्हतं, पण इलाज नव्हता. खरं वय होतं ब्याऐंशी. नर्सिंगला प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी बारा वर्षं खाली उतरवून सांगितली होती आणि वीस वर्षांत कुणाला शंकाही आली नव्हती. या बाई एके काळी जॅझमधल्या किंग ऑलिव्हरच्या बँडसोबत गात होत्या आणि लंडनच्या रंगभूमीवर गायक-नट पॉल रोबसनबरोबर उभ्या राहिल्या होत्या, याचाही तिथल्या बहुतेकांना पत्ता नव्हता.

त्या अल्बर्टा हंटर. त्यांच्याबद्दल वाचायला लागलं की पहिल्या दोन ओळींतच 'विस्मृतीत गेलेल्या गायिकेचं पुनरागमन' असं काहीतरी येतं. गेली सातआठ वर्षं मी त्यांची गाणी ऐकतेय आणि 'पुनरागमन' हा शब्द मला दर वेळी खटकतो. म्हणून हा धागा. जमेल तसं सांगते, चुकलं तर दुरुस्त करा.

जन्म १ एप्रिल १८९५, मेम्फिस, टेनेसी. वडील रेल्वेच्या पुलमन डब्यात पोर्टर, ते लवकरच घर सोडून गेले. आई एका कुंटणखान्यात मोलकरीण होती. शिकागोत गाणाऱ्या मुलींना आठवड्याला दहा डॉलर मिळतात असं कानावर आलं आणि ही पोर घरातून पळाली. तिथे पोचल्यावर आधी एका खानावळीत बटाटे सोलायचं काम मिळालं. आठवड्याला सहा डॉलर आणि राहणं-खाणं. संध्याकाळी पोक्त दिसण्यासाठी मोठ्या बायकांचे कपडे चढवून ती गाण्याचं काम शोधत फिरायची. पहिलं काम मिळालं 'डेगो फ्रँक' नावाच्या अड्ड्यावर. दलाल, खिसेकापू आणि धंदा करणाऱ्या बायकांची ती जागा. त्या बायकांनी आपल्याला सांभाळलं, असं अल्बर्टा म्हातारपणीही आवर्जून सांगायच्या.

पुढे पनामा कॅफे. खालच्या मजल्यावर सभ्य, हळुवार गाणं आणि वरच्या मजल्यावर दंगामस्ती. अल्बर्टा वरच्या मजल्यावर. माइक नावाची चीज नव्हती. टेबलाटेबलापाशी जाऊन, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत गायचं, तिथेच बक्षिसी घ्यायची आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. साठ वर्षांनंतरचं त्यांचं गाणं कळायला हे डोक्यात ठेवावं लागतं, कारण त्या शेवटपर्यंत तसंच गायल्या, समोरच्या एकाच माणसासाठी. मग आला ड्रीमलँड कॅफे आणि किंग ऑलिव्हरचा बँड. तिथे त्या शिकागोतल्या पहिल्या फळीत जाऊन बसल्या.

१९२० च्या ऑगस्टमध्ये मॅमी स्मिथने 'क्रेझी ब्लूज' रेकॉर्ड केलं आणि ती तबकडी धडाक्यात खपली. कृष्णवर्णीय लोकही पैसे मोजून रेकॉर्ड घेतात हे कंपन्यांना तेव्हा उमगलं आणि ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी, गाणाऱ्या बायकांची शोधाशोध सुरू झाली. अल्बर्टांचं पहिलं रेकॉर्डिंग १९२१ चं, 'ब्लॅक स्वान' या कंपनीसाठी. १९२२ मध्ये 'पॅरामाउंट'कडे त्यांनी 'डाउनहार्टेड ब्लूज' गायलं. गाणं त्यांचं स्वतःचं आणि पियानोवादक लव्ही ऑस्टिनचं, दोघींनी मिळून रचलेलं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, हेच गाणं घेऊन 'कोलंबिया'ने बेसी स्मिथ या नव्या गायिकेला बाजारात आणलं. पहिल्या सहा महिन्यांत पावणेआठ लाखांच्या आसपास प्रती खपल्या असं सांगतात.

आणि रचणारीच्या हाती काय पडलं? ३६८ डॉलर. पॅरामाउंटचं काम बघणारे मेयो विल्यम्स यांनी गाण्याचे हक्क परस्पर कोलंबियाला विकले होते आणि रॉयल्टी त्यांच्याकडे जात होती. अल्बर्टांना हे फार उशिरा समजलं. मला वाटतं, तिथून पुढे ही बाई पैशाच्या बाबतीत कायमची सावध झाली. त्या काळातल्या कितीतरी गायक-गायिका कफल्लक होऊन गेल्या. अल्बर्टांनी पै-पै साठवली, दारू-सिगारेटला शिवल्या नाहीत, आईला न्यूयॉर्कला स्वतःकडे आणलं.

१९२८ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात 'शो बोट' हे संगीत नाटक आलं. अल्बर्टा क्वीनीच्या भूमिकेत आणि 'जो'च्या भूमिकेत पॉल रोबसन. पुढची दहा वर्षं पॅरिस, लंडन, कोपनहेगन अशी ये-जा सुरू राहिली. १९३४ मध्ये लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात जॅक जॅक्सनच्या वाद्यवृंदाबरोबर त्या गात होत्या. त्यातली रेकॉर्डिंग्ज ऐकून बघा, ही ब्लूजवाली तीच का असा प्रश्न पडेल. सफाईदार उच्चार, नाजूक आवाज, मधूनच फ्रेंच. युरोपातल्या उंची हॉटेलात त्या पुढच्या दाराने आत जात, मायदेशात त्याच तोडीच्या हॉटेलात मागच्या दारानेही जाता येईल याची खात्री नव्हती. त्या तिकडे का रमल्या याचं आणखी वेगळं कारण शोधायला नको.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी तांडा घेऊन फिरल्या. त्यात भारत-ब्रह्मदेश-चीन आघाडीही आली. नंतर कोरिया. पन्नाशीचं दशक उजाडलं तेव्हा कामं कमी होत चालली होती. अशात आई गेली. अल्बर्टांनी गाणं थांबवलं. आधी हार्लेमच्या एका हॉस्पिटलात बिनपगारी सेवा केली, मग वय कमी सांगून नर्सिंगचं प्रशिक्षण घेतलं आणि १९५७ मध्ये परवाना हातात आला. त्या वेळी त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. आपल्याकडे या वयात बायका नातवंडं सांभाळत असतात, या बाई परीक्षेला बसल्या.

पुढची वीस वर्षं गोल्डवॉटर. त्या वर्षांबद्दल सगळीकडे एकाच वाक्यात उरकलेलं असतं, आणि माझा सगळा जीव तिथेच अडकलाय. इथे कुणी या पेशातलं असेल तर लिहा ना.

रातपाळी

मी या पेशातली. एकतीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातली बरीचशी मेडिसिनच्या वॉर्डात. धागा वाचून राहवलं नाही.

गोल्डवॉटर हे जुनाट दुखण्यांचं हॉस्पिटल होतं असं मी शोधून वाचलं. हा मुद्दा मोठा आहे. अपघाताच्या किंवा बाळंतपणाच्या वॉर्डात पेशंट बरा होऊन घरी जातो, पेढे देतो. जुनाट दुखण्याच्या वॉर्डात तोच माणूस महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं त्याच कॉटवर असतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, लाल झाली असेल तर तिथे जपायचं, नाहीतर बेडसोर होतो. स्पंजिंग करायचं, बेडपॅन द्यायचं, घास भरवायचा. भरवताना घाई केली की ठसका लागतो, म्हणून चमचा ओठाला लावून थांबायचं. त्यांनी तोंड उघडेपर्यंत थांबायचं. हे थांबणं अंगात मुरायला मला पाच-सहा वर्षं लागली.

बासष्टाव्या वर्षी हे काम सुरू करणं म्हणजे काय, ते पाठीला विचारावं. जड माणसाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं म्हणजे कंबरेतून जोर लावावा लागतो. त्यांनी ब्याऐंशीपर्यंत ते केलं.

माझ्या वॉर्डात एक आजी होत्या. पक्षाघात, वाचा गेलेली. पहाटे साडेचारला मी बीपी घेत फिरत असे तेव्हा त्या एका अभंगाची चाल गुणगुणायच्या. शब्द फुटत नव्हते, चाल मात्र पक्की. मी हळूच शब्द म्हटले की त्या पुढच्या ओळीवर येऊन थांबत. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, मी ते कधी कुणाला सांगितलं नाही, कारण ओव्हरमध्ये फक्त युरिन किती, ताप किती एवढंच विचारतात. अल्बर्टाबाईंच्याही पोटात असं किती राहिलं असेल.

सुरपेटी

रातपाळी, तुमच्या या प्रतिसादासाठी धागा काढला असं समजते. चमचा ओठाला लावून थांबण्याचं वाचून मला त्यांच्या म्हातारपणच्या गाण्यातल्या थांबण्याच्या जागा आठवल्या. पुढे सविस्तर लिहिते.

पितळी कर्णा

लेख आवडला. रेकॉर्डिंगच्या अंगाने थोडी भर घालतो.

पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा. विस्कॉन्सिन चेअर कंपनी ग्रामोफोनची लाकडी कपाटं करायची, कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्डही काढायला लागली. माल हलका, त्यामुळे तबकडीत खरखर फार. १९२२ ची अल्बर्टा ऐकताना बऱ्याच जणांना वाटतं, आवाज पातळ आहे. तो दोष आवाजाचा नाही. १९२५ पर्यंत विजेचा माइक आलाच नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या जोरावर सुई मेणात रेघ ओढायची. आपल्या गौहर जाननेही १९०२ मध्ये असंच गाऊन शेवटी स्वतःचं नाव पुकारलं होतं. कुजबुज, श्वास, हलकी लकब, काहीही त्यात उतरत नसे. टेबलापाशी जाऊन डोळ्यांत बघत गाणाऱ्या बाईचं निम्मं गाणं त्या कर्ण्याने गाळून टाकलं.

विजेचा माइक आल्यावर काय फरक पडला ते ऐकायचं असेल तर १९२७ ची व्हिक्टरची रेकॉर्डिंग्ज घ्या. कॅमडेनमध्ये कंपनीने एक चर्च विकत घेऊन स्टुडिओ केला होता. तिथल्या पाइप ऑर्गनवर फॅट्स वॉलर आणि गायला अल्बर्टा. मी 'शुगर' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून पुन्हा सुई मागे घेतली होती.

आणखी एक. करार एका कंपनीशी असताना त्या दुसरीकडे दुसऱ्या नावाने गायल्या. १९२४ मध्ये 'रेड ऑनियन जॅझ बेबीज' या संचाबरोबर, लुई आर्मस्ट्राँग आणि सिडनी बेशे साथीला, तबकडीवर नाव 'जोसेफिन बीटी'. हे त्यांच्या सावत्र बहिणीचं नाव. अशी आणखीही टोपणनावं आहेत. संग्राहकांना दुसऱ्याच नावाच्या तबकडीत त्यांचा आवाज सापडतो.

काळापहाड

माहिती चांगली आहे, पण एक स्पष्ट सांगतो. गायिका म्हणून बेसी स्मिथ कितीतरी वरची. तेच गाणं दोघींचं लागोपाठ ऐका. बेसी एकेक शब्द जमिनीत रोवते. अल्बर्टाबाईंची जीवनकथा विलक्षण आहे म्हणून गाण्यालाही आपण जास्तीचे गुण देतोय असं वाटतं. बेसीला तर अपघातानंतर गोऱ्यांच्या हॉस्पिटलने दारातून परत पाठवलं आणि ती मेली. तिच्या वाट्याला म्हातारपण आलंच नाही.

सुरपेटी

काळापहाड, १९२२-२३ पुरतं मान्य. बेसीचा आवाज त्या कर्ण्यालाही पुरून उरतो. 

पण हॉस्पिटलची गोष्ट खरी नाही, ती थांबायला हवी. २६ सप्टेंबर १९३७ ला मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ हायवे ६१ वर पहाटे अपघात झाला. एक डॉक्टर योगायोगाने तिथे पोचले, त्यांनी रस्त्यावरच उपचार सुरू केले. बेसीला थेट कृष्णवर्णीयांच्याच हॉस्पिटलात नेलं गेलं. हात जवळजवळ तुटला होता, रक्त फार गेलं होतं, ती वाचली नाही. परत पाठवल्याची बातमी नंतर एका मासिकात आली आणि घट्ट बसली. त्या काळच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या हॉस्पिटलात कृष्णवर्णीय बाईला न्यायचा विचारही कुणी केला नसता. वर्णागणिक हॉस्पिटलं वेगळी होती, हेच पुरेसं भयंकर आहे.

तुलनेबद्दल म्हणाल तर अल्बर्टांचं मोठं गाणं १९२२ चं नाहीच. ते वयाच्या ब्याऐंशीनंतरचं.

मांडवी

मी पणजीचा, वडील मुंबईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. शिकागोचं नाव आलं म्हणून सांगतो. शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. त्याच्यासारख्यांकडून आमच्या गोंयकार वादकांनी जॅझ उचललं आणि पुढे तेच लोक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. बाबा ब्लूजच्या तीन ओळींबद्दल सांगायचे, पहिली ओळ दोनदा म्हणायची, तेवढ्या वेळात तिसरी डोक्यात येते.

धागा वाचताना मला लोर्ना आठवली. क्रिस पेरीच्या संगीतात साठ-सत्तरच्या दशकांत गायलेली तिची कोंकणी गाणी आमच्या घरात सतत वाजायची. मग ती कितीतरी वर्षं मंचावर नव्हतीच. १९९५ मध्ये 'हॅलो लोर्ना' आलं तेव्हा बाबा कॅसेट घेऊन घरी आले आणि जेवायचं थांबवून आधी ती लावली. आवाज जाडा झाला होता. बाबा म्हणाले, "आतां चड बरें गायता." म्हणजे आता जास्त चांगलं गातेय. तेव्हा मला ते पटलं नव्हतं.

सुरपेटी

मांडवी, काय सुंदर आठवण. बाबांना नमस्कार.

आता राहिलेली कथा. १९७७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या एका पार्टीला गेल्या, तिथे त्यांची ओळख निघाली आणि बातमी बार्नी जोसेफसन यांच्यापर्यंत पोचली. हे तेच, ज्यांनी १९३८ मध्ये 'कॅफे सोसायटी' काढून गोऱ्या-काळ्या गिऱ्हाइकांना एकत्र बसवलं आणि गायिका बिली हॉलिडेला मंच दिला. आता न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये त्यांचा 'द कुकरी' हा क्लब होता. मोजक्या दिवसांचं बोलणं झालं. अल्बर्टा तिथे सहा वर्षं गायल्या.

पियानोवर जेराल्ड कुक, कानांत मोठाल्या सोनेरी रिंगा, साधा पोशाख. त्या चित्रफिती पाहा. गाता गाता मांडीवर थाप मारतात, मान जराशी कलती करतात आणि एखाद्या द्वयर्थी ओळीच्या आधी थांबतात. तेवढ्या थांबण्यात सगळी खोली हसायला लागलेली असते, ओळ अजून आलेलीच नसते. १९८० च्या 'अॅमट्रॅक ब्लूज' या अल्बममध्ये हे सगळं नीट टिपलंय. कोलंबियाच्या जॉन हॅमंड यांनी तो काढला, म्हणजे जिच्या गाण्यावर कोलंबियाने पावणेआठ लाख तबकड्या विकल्या तिला कोलंबियाचा दरवाजा सत्तावन्न वर्षांनी नीट उघडला. व्हाइट हाउसचं पहिलं बोलावणं त्यांनी नाकारलं होतं, कारण तो त्यांचा सुट्टीचा दिवस होता. मग राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कार्यालयाने तारीख बदलली.

'पुनरागमन' का खटकतं ते आता सांगते. त्या शब्दात असं गृहीत आहे की मधली वीस वर्षं त्या हरवल्या होत्या, कुणीतरी त्यांना बाहेर काढलं. पण १९६१ मध्ये नर्स असतानाच त्या दोनदा रेकॉर्डिंगला गेल्या. त्यातलं एक शिकागोत, जुन्या मैत्रिणीबरोबर, लव्ही ऑस्टिनबरोबर. लव्ही तेव्हा एका नृत्यशाळेत पियानो वाजवत होती. रेकॉर्डिंग झालं आणि अल्बर्टा परत ड्युटीवर हजर झाल्या. गाणं त्यांना मिळत होतं. त्यांनी वॉर्ड निवडला होता.

सतारीचा जव्हारी

द्वयर्थी ओळीआधीच्या थांबण्याबद्दल वाचून बैठकीची लावणी डोळ्यांसमोर आली. यमुनाबाई वाईकरांना मी उतारवयात ऐकलंय. बसल्या जागेवरून, फक्त बोटं आणि भुवई. तरुण गायिकेने ती ओळ गायली तर ती अदा वाटते, ऐंशीच्या बाईने गायली की तिने सगळं बघितलंय हे श्रोत्याला कळतं आणि मग तो जास्त मोकळा हसतो.

एक विचारायचं होतं. त्यांच्या संसाराबद्दल काहीच आलं नाही?

सुरपेटी

मुद्दाम मागे ठेवलं होतं. १९१९ मध्ये विलार्ड टाउनसेंड यांच्याशी लग्न झालं, काही महिन्यांत दोघं वेगळे झाले, १९२३ मध्ये घटस्फोट. टाउनसेंड पुढे रेल्वेच्या हमालांच्या संघटनेचे मोठे पुढारी झाले. अल्बर्टांचा जीव जडला होता तो लॉटी टायलरवर. लॉटी ही त्या काळचे गाजलेले नट बर्ट विल्यम्स यांची भाची. दोघींचा सहवास अनेक वर्षांचा, पण अल्बर्टांनी त्याची जाहीर वाच्यता कधीही केली नाही. वय लपवलं, टोपणनावं घेतली, हेही झाकून ठेवलं. मी त्यांना दोष देत नाही. कृष्णवर्णीय, बाई आणि त्यात हे, अशा तिहेरी अडचणीत राहून कमावून खायचं होतं त्यांना.

काळापहाड

'अॅमट्रॅक ब्लूज' काल रात्री पूर्ण ऐकला. माझा आधीचा प्रतिसाद १९२३ पुरताच ठेवा. 'नोबडी नोज यू...' बेसीचंही पाठ आहे मला. बेसी ते गाते तेव्हा पैसा गेल्याचं दुःख ऐकू येतं. या बाई गातात तेव्हा माणसं कशी वागतात ते ठाऊक असलेलं कुणीतरी शांतपणे सांगतंय असं वाटतं. बेसीच्या हॉस्पिटलबद्दल दुरुस्ती केल्याबद्दल आभार, मी ते वीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो.

रातपाळी

मी पण ऐकलं. धाकट्या मुलीने मोबाइलवर लावून दिलं. इंग्रजी सगळं कळलं नाही. पण म्हातारं माणूस वाक्याच्या मध्येच श्वास घेतं, तसा त्या घेतात, आणि लपवत नाहीत. श्वास झाला की शब्द अगदी जागच्या जागी ठेवतात.

त्या पुढे कुठे राहिल्या? शेवट कसा झाला?

सुरपेटी

रूझवेल्ट आयलंडवर. गोल्डवॉटर हॉस्पिटल ज्या बेटावर होतं, त्याच बेटावर त्यांचं घर होतं. १७ ऑक्टोबर १९८४ ला तिथेच गेल्या, एकोणनव्वदाव्या वर्षी. त्या वर्षीही त्या गायला बाहेर पडत होत्या.

मुलीला सांगा, आता १९६१ चं लव्ही ऑस्टिनबरोबरचं लावून द्यायला. ते ड्युटीवर असतानाचं आहे.